बांगड्या खाली, पुस्तकं वर

मदिना मणेरीण गावात शिरायची ती खालच्या अंगाने, पाराला वळसा घालून. डोक्यावर टोपली, टोपलीवर जाळीचं फडकं, फडक्याखाली बांगड्यांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्याही खाली पुस्तकं.

बांगड्यांच्या टोपलीत पुरुष हात घालत नाही. असं कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण घालत नाही. तिजोरीत घालील, देवाच्या पेटीत घालील, बांगड्यांच्या टोपलीत नाही. म्हणून आमच्या तालुक्यात, चोपड्याच्या वर सातपुड्याकडे जाणाऱ्या त्या केळीच्या गावांमधून, पुस्तकं कशी फिरतात हे कितीतरी वर्षं एकाही पुरुषाला कळलं नाही. डोळ्यांसमोरून जात होती. डोक्यावरून जात होती.

हे सुरू झालं दिपमालामुळे. दिपमाला आमच्या गल्लीतल्या प्रेमराज आबांची सून. माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिच्या रुखवतात इतरांसारखी लोणच्याची बरणी होती, कुरडया होत्या, लोकरीचा ससा होता, आणि सशाशेजारी एक पत्र्याची पेटी होती. पेटीत काय, तर पुस्तकं. वऱ्हाडातल्या कोणीतरी नवरदेवाला टोमणा मारला, "नवल, बायको करी का मास्तरीण?"

नवल हसून म्हणाला, "मास्तरीण शे पन छडी नही ना. चालस मंग."

नवल तसाच आहे. केळीच्या पानासारखा. वारा आला की फाटतो, पण तुटत नाही.

पहिल्या वर्षात दिपमालाने पेटी वाचून संपवली. दुसऱ्या वर्षी तीच पेटी पुन्हा. मग एक दिवस मदिना तिचा हात भरत होती. मणेरीण हात भरते तेव्हा आधी हात मळून घेते, कणकेसारखा. अंगठ्याचं हाड आत दाबते, आणि बोलत बोलत बांगडी कधी चढली ते कळूही देत नाही. त्या दिवशी बांगडी चढेना.

"हात काबरं कडक करी राहिनी वं?" मदिना म्हणाली. "मन कोठे शे तुनं?"

"वाचायला काही उरलं नाही, आक्का," दिपमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मदिना मोठ्याने हसली. "अवं, माले वाटनं नवरानी मारं." मग हसू आवरून म्हणाली, "पलीकडना गावमा सारिका नावनी सून शे. तिनं बी असंच रडगानं. तुनी पेटीमातलं एक दे माले. तिले देस. तिनं तुले लयी देस."

झालं. एक गेलं, एक आलं. मग दोन गेली. मग आणखी गावं, आणखी सुना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी गेल्या की येताना तिकडून पुस्तकं घेऊन यायच्या: धुळ्याहून, सावद्याहून, शिरपूरहून. शाळेतल्या कपाटातली, भावाची, रद्दीत निघालेली, पहिलं पान नसलेली. सगळी मदिनाच्या टोपलीत जमा.

मदिना उर्दू शाळेत शिकलेली. मराठी वाचताना तिची गाडी खडीवरून जाई. पण तिला पुस्तक कळायचं ते दुसरीकडून. जिने वाचलं तिला ती विचारायची, "कसं व्हतं?" आणि ते उत्तर तसंच्या तसं पुढच्या गावाला घेऊन जायची. "हाई रडाडस. हाई हासाडस. हाई वाची झाया का दोन दिन कोनशी बोलू नको, भांडन व्हई." हात पाहून बांगडीचं माप सांगावं तसं तोंड पाहून ती पुस्तक काढायची. चुकायचीही. एकदा भुताखेतांची कादंबरी तिने एका दिवस भरत आलेल्या पोरीला दिली. ती पोर घाबरून रात्रंदिवस दिवा लावून बसली, आणि तिच्या सासूने मदिनाला वेशीपर्यंत शिव्या घातल्या. "माप चुकनं," मदिना म्हणे. "व्हस कधी."

बांगड्यांचे गठ्ठे रंगीत दोऱ्याने बांधलेले असतात. ते दोरे आम्ही जपून ठेवायचो. वाचताना जिथे जीव थांबला त्या पानात दोरा ठेवायचा. दिपमालाचा हिरवा, सारिकाचा पिवळा, कोणाचा लाल, कोणाचा जांभळा. सारिकाला आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं. पण ती कुठे थांबते ते आम्हाला ठाऊक होतं. लग्नाच्या वर्णनावर ती कधी थांबली नाही. एका पुस्तकात एक म्हातारा आपल्या बैलाला अंघोळ घालतो, तिथे पिवळा दोरा होता, आणि त्याच पानात आधीचा लालही. त्या पानावर दिपमाला बराच वेळ हात ठेवून बसली होती, कोणीतरी हात द्यावा तशी.

दुपारी आबांच्या ओट्यावर आम्ही जमायचो. कोणी शेंगा फोडायला, कोणी गहू निवडायला. दिपमाला वाचायची, आमचे हात चालायचे. तिची सासू, प्रमिलाबाई, सुपाआड बसायची. तिला अक्षर येत नाही. सुरुवातीला ती म्हणायची, "कामना वखतले काय हाई कटकट." मग म्हणायला लागली, "जरा मोठा आवाजमा वाच." मग पान उलटायला दिपमालाला जेवढा वेळ लागे तेवढाही तिला धीर निघेना. "मंग काय व्हयनं? मंग काय व्हयनं वं?"

आमच्यात मंदाबाईही असायची. तिचा नवरा तरुणपणीच गेला. हात तेव्हापासून मोकळे. तिच्या दारात मणेरणीचं काय काम? पण मदिना तिच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबायची, मुद्दाम, आणि जाताना पुस्तक विसरायची, मुद्दाम. मंदाबाईला बांगड्यांचा दोरा कुठून मिळणार? म्हणून मदिनाने आपल्या ओढणीच्या काठाचा पांढरा धागा उसवून तिला दिला. मंदाबाई वाचायची ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, आवाजाशिवाय. आम्ही कितीदा म्हटलं, आज तू वाच. ती मान हलवायची. "नको माय. बिनानवरानी बाईना आवाज लोकेसले मोठा लागस."

पण तिला ओव्या यायच्या. स्वतःच्या. शेंगा फोडता फोडता हळूच एखादी सोडायची:

*पुस्तक उनं दारी, मी पदरखाले झाकं*
*एक एक अक्षर वं, मी दानासारखं राखं*

श्रावणाच्या तोंडावर एक दोन भागांची कादंबरी फिरत आली. त्यात येसू नावाची एक कुंभारीण होती. नवऱ्याची भट्टी, सासऱ्याची माती, सगळं सोडून ती एकटी नदीच्या काठाने चालायला लागते, आणि पाऊस येतो. पहिला भाग तिथेच संपला. दुसरा सारिकाकडे होता. "पुढना फेरीले लयस," मदिना सांगून गेली.

आणि त्याच आठवड्यात रूपाला पाहायला सावद्याचे लोक आले.

रूपा आबांची धाकटी लेक, दिपमालाची नणंद. कॉलेजात शिकते. ओट्यावरच्या वाचनात सगळ्यांत पुढे बसणारी. सावद्याचा मुलगा गोरा, घरची केळी, दोन ट्रक. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या." ते म्हणायची पद्धत असते. विचारायची नसते.

रूपाने विचारलं, "तुम्ही काय वाचता?"

मुलगा हसला. "वाचायला वेळ कुठे असतो? रोज सकाळी मोबाइलवर केळीचा भाव वाचतो."

"आणि तो वाचून झाल्यावर?"

मुलाने मामांकडे पाहिलं. मामांनी बशीकडे. पाहुणे गेल्यावर रूपा म्हणाली, "माझा नकार सांगा. वाईट नाहीये तो. पण मी त्याच्याशी संध्याकाळी काय बोलू?"

आबांनी बरंच ऐकून घेतलं. आबा वाईट माणूस नव्हे. सरपंच असताना त्यांनीच गल्लीत नळ आणला, पोरींसाठी एसटी गावापर्यंत यायला लावली. पण त्यांचं म्हणणं असं की जे आणायचं ते त्यांनी आणावं. जे आपोआप येतं त्याची त्यांना भीती वाटे. हे खूळ आलं कुठून, म्हणून त्यांनी शोध घेतला, आणि शोध टोपलीपाशी येऊन थांबला.

वेशीवर बोर्ड लागला. फेरीवाल्यांना गावात येण्यास सक्त मनाई. चावडीवर कारण सांगितलं की बाहेरच्या लोकांचा भरवसा नाही, दिवस असे आहेत. कोणाचं नाव घेतलं नाही. पण कुल्फीवाला घंटी वाजवत येतच राहिला, भांडीवाला आला, चादरीवाला आला. त्यांना कोणी अडवलं नाही. मदिनाला मात्र पाराशीच अडवलं. आमच्या सासवांचे हात जिच्या आईने भरले, ती आता बाहेरची.

तिने वाद घातला नाही. टोपली सावरली, वळली, आणि रस्त्यावर जाऊन दिपमालाला फोन केला. "बहीन, मना रस्ता बंद शे. येसूना दुसरा भाग मनापाशीच शे."

घरात दिपमालाशी आबा वेगळ्या सुरात बोलले. सासरा सुनेशी इतकं कधी बोलत नाही. खुर्चीवर बसून, शांतपणे.

"दिपमाला, मी काही जुन्या काळचा माणूस नाही. तू वाच. कोणी नाही म्हटलं? तुला पाहिजे ती पुस्तकं सांग, मी स्वतः जळगावहून आणून देतो. नवी कोरी. तुझ्या खोलीत कपाट करून देतो, काचेचं. फक्त पुस्तक घराबाहेर जाणार नाही, आणि ओट्यावरचा बाजार बंद. वाचायचं ते एकटीने वाचावं. गाव कशाला गोळा करायचा?"

काचेचं कपाट! दिपमालाने नंतर आम्हाला सांगितलं, एक क्षण तिला ते दिसलंसुद्धा. त्यात ओळीने उभी नवी पुस्तकं, कोऱ्या कागदाचा वास, पहिलं पान जागच्या जागी. मग तिला दिसलं की त्यांतल्या एकाही पुस्तकात दोरा नाही.

"आबा," ती म्हणाली, "एकटीने जेवलेलं अन्नही अंगाला लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कपाट नको. मदिना आक्काला येऊ द्या."

"ते होणार नाही," आबा म्हणाले, आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला न्हाणीपाशी धुण्याच्या दगडावर बसली. हाताला साबण लावला, आणि एक एक करत दोन्ही हातांतल्या बांगड्या काढल्या. फोडल्या नाहीत. फोडल्या असत्या तर रडारड झाली असती, नजर काढली असती, आणि विषय संपला असता. काढून ओळीने पाटावर ठेवल्या म्हणजे तो प्रश्न झाला.

प्रमिलाबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि जागीच थांबली. "अवं माय! हाई काय करं तू? सुवासिनीना हात..."

"जुन्या झाल्या, माय. नव्या भरायच्यात. मणेरीण आली की भरीन."

"मणेरीणले तर बंदी शे!"

"मग हात असेच."

दुपारी नवल शेतातून आला. बायकोचे हात पाहिले, ताटाकडे पाहिलं, परत हात पाहिले. "मी जित्ता शे ना?" त्याने हळूच विचारलं.

"शे ना. भाकर खाई राहिना ना तू."

"मंग हाई कोनासाठे?"

"येसूसाठी."

नवलला येसू कोण ते माहीत नव्हतं. संध्याकाळी तो चोपड्याला गेला आणि दुकानातून बांगड्यांचा डबा घेऊन आला, चकचकीत, प्लास्टिकच्या खिडकीचा. दिपमालाने डबा पाहिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबा फळीवर ठेवून दिला. आमच्यात बाईने कानबाईच्या सणाला स्वतःच्या हाताने हात भरायचा नसतो. मणेरणीने भरायचा, आणि भरून झाला की मणेरणीला वाकून नमस्कार करायचा. तो नमस्कार मदिनाच्या आईला आमच्या सासवांनी केलेला. देव कोणाचा कुठला हे त्या वेळी कोणी विचारत नाही. हात भरणारा हात तेवढा असतो.

आणि कानबाई तर तोंडावर आली होती.

आमच्या खान्देशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, लुगडं नेसवायचं, हिरवा चुडा चढवायचा. रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचा, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने मोजतात. निवडायचा, दळायचा, भाजायचा मात्र बायकांनी. भावकीतली सगळी माणसं एका घरी गोळा होतात. त्या वर्षी कानबाई आबांच्या घरी होती.

दिपमालाचे मोकळे हात नळावर दिसले. कोणी हसलं, कोणी हळहळलं. मी घरी आले. माझ्या हातात मागच्या फेरीच्या बांगड्या होत्या, मदिनानेच भरलेल्या. कणीक मळताना त्या वाजत होत्या, आणि मला वाटलं, ह्या वाजून काय सांगतायत? मी साबण घेतला.

मी एकटीच नव्हते. दुसऱ्या दिवशी नळावर रांग लागली आणि रांगेत आवाजच नव्हता. बायांची रांग म्हणजे किणकिण असते, लांबून कळते. त्या सकाळी फक्त पाण्याचा आवाज. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. एकमेकींचे हात पाहिले आणि हसायला लागलो. हसू आवरेना. शेवटी रूपा म्हणाली, "माझं तर लग्नच झालेलं नाही, माझा निषेध कोण धरणार?" तेव्हा तर घागरी खाली ठेवाव्या लागल्या.

पुरुषांची पंचाईत झाली. पारावर बसलेल्या एका भावकीतल्या माणसाने आबांना म्हटलं, "प्रेमराज आबा, गल्लीमा बठ्ठ्या बायास्ना हात मोकळा. बाहेरना मानूस उना तर म्हनी, गावमा काय साथ उनी?"

आबा घरी आले ते तापूनच. "कोणी शिकवलं हे? हा अपशकुन आहे, कळतं का तुम्हाला?" ते सुनेला बोलत होते, पण पाहत होते बायकोकडे. प्रमिलाबाई तांदूळ निवडत होती. तिच्या हातात बांगड्या होत्या. पूर्ण गल्लीत तेवढ्याच वाजत होत्या.

"निदान तू तरी घराण्याची लाज राखलीस," आबा म्हणाले.

प्रमिलाबाईने सूप बाजूला ठेवलं. "एक इचारू का?"

"काय?"

"ती येसू नदीना काठवर एकली चालनी. पुढे पाऊस उना व्हता. तिले कोनी घरमा लिधं का नही?"

"कोण येसू?"

"तुमले नही सांगता येवाव," प्रमिलाबाई म्हणाली. "जिले सांगता येस, तिले तुम्ही वेशीवर थांबाडं." मग सुनेकडे वळून, "दिपमाला, तेल आन वं."

तिच्या बांगड्या साबणाने निघण्यातल्या नव्हत्या. जन्मभर केळीची पानं कापलेला, जात्याचा, पाट्याचा हात, रुंद झालेला. दिपमाला समोर बसली, सासूचा हात मांडीवर घेतला, तेल लावून मळत राहिली. अंगठ्याचं हाड आत दाबायचं असतं हे तिने मदिनाकडून पाहिलेलं. बांगडी सरकेना. प्रमिलाबाई ओठ दाबून बसली. आबा खांबाला धरून उभे होते. शेवटची बांगडी हाडावर अडली आणि तडकन वाढली. दिपमाला दचकली.

"जाऊ दे," सासू म्हणाली. "रक्त नही निंघनं."

"प्रमिला!" आबा ओरडले. "मी जिवंत असताना!"

"तुमले काय व्हस?" ती शांतपणे म्हणाली. "सकायपासून चार भाकरी खाध्यात. मना मोकळा हातनी तुमले काही नही व्हवाव. पन उद्या कानबाई बसी. तिना चुडा दरसाल मदिनाना टोपलीमातला. आते कानबाईले काय सांगू? तुमना बोर्ड दखाडू का तिले?"

आबा रात्रभर विचार करत असावेत, कारण रविवारी सकाळी त्यांनी तोड काढली. राजकारणातला माणूस, पडायचं असलं तरी गादीवर पडतो. नवलला बोलावून म्हणाले, "मोटरसायकल घे. मागच्या रस्त्याने जा. तिला बसव, डोकं झाकून घ्यायला सांग, थेट आपल्या मागच्या दाराने आण. फेरीवाली म्हणून नाही, पाहुणी म्हणून. हात भरले की सोडून ये. आणि बांगड्यांशिवाय टोपलीत काही नको."

नवलने आमच्यासमोरच मदिनाला फोन लावला. तिचा आवाज फोनमधून सगळ्या ओट्यावर ऐकू आला.

"नवल भाऊ, चोरनामायक मांगला दारतून येस का मी? मनी माय तुमना गावले जनमभर पुढला दारतून उनी. मी पायी येस. टोपली डोकावर लईसन येस. बोर्डखालतून येस." मग जरा थांबली. "आनि आबासले सांगी ठेव. आज बांगड्या खाले, पुस्तकं वर."

ओट्यावर कोणीतरी टाळी वाजवली. मोकळ्या हातांची टाळी मोठी वाजते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग येऊच नको म्हणावं!" आबा म्हणाले.

आम्ही ऐकायला तिथे नव्हतो. दिपमाला पायऱ्या उतरली होती, मागे रूपा, मागे आम्ही. प्रमिलाबाई सगळ्यांत शेवटी निघाली, पण निघाली ती पाट घेऊन. मणेरणीला जमिनीवर बसवायचं नाही, म्हणाली.

सातपुड्याकडून ढग उतरले होते पण पाऊस नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी ओली, गडद. वळणावर मदिना दिसली. तिच्या टोपलीवर फडकं नव्हतं. पुस्तकांचे पुठ्ठे उघडे, निळे, पिवळे, एक फाटका लाल; लांबून वाटावं बाईने डोक्यावर कुठल्या तरी देवीचा मुखवटा घेतलाय. पाराशी उभी असलेली दोन पोरं तिला अडवायला पुढे झाली. त्यांतल्या एकाची आई आमच्यात होती. तिने नुसतं त्याचं नाव घेतलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. तो बाजूला झाला.

मदिना बोर्डाखाली आली आणि थांबली. पुढे एक पाऊल गाव, मागे एक पाऊल रस्ता. प्रमिलाबाईने तिथेच पाट टाकला.

"आठेच बस. ज्याले वाचता येस तो बोर्ड वाची, जिले नही येत ती तुले दखी."

मदिना बसली. टोपलीतून आधी पुस्तकं काढून आपल्या मांडीशी ठेवली, मग गठ्ठे उघडले. आधी कानबाईचा चुडा वेगळा काढला, प्रमिलाबाईच्या पदरात घातला. मग प्रमिलाबाईचाच हात धरला. मळता मळता तिला मनगटावरचं ओरखडलेलं दिसलं. त्या जागेवरून बोट फिरवलं, आणि हिरवी बांगडी चढवली. एक, मग दुसरी. हात भरून झाला तेव्हा प्रमिलाबाई वाकली. मदिनाने तिचे खांदे धरले. दोघींचं डोकं एकमेकींना लागलं.

मग दिपमालाचा हात. दुसरा भाग दिपमालाच्या मांडीवर होता, पण हात मदिनाच्या हातात. तिच्यामागे माझा नंबर, माझ्यामागे रांग.

"आते वाचतीन कोन?" प्रमिलाबाई म्हणाली. "मना हात भरना पन माले वाचता येत नही, आनि जिले येस तिना हात अडकेल. मंग येसूनं काय व्हयनं?"

रूपा पुढे झाली. पण तिच्याआधी एक हात आला. मोकळा हात. मंदाबाईने दिपमालाच्या मांडीवरून पुस्तक उचललं.

"मना हात रिकामा शेतस," ती म्हणाली. "कायमना."

ती बोर्डाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली, पान उघडलं, ओळीखाली बोट धरलं. ओठ हलले आणि आधी आवाज निघाला नाही. मग निघाला. घोगरा, जपून ठेवलेल्या धान्याचा वास येतो तसा. शब्द एकेक सुटा येत होता, मध्ये अडत होता, पण येत होता. येसू पावसात एका दारापाशी उभी राहिली होती. दाराला आतून कडी होती. मंदाबाईचा आवाज मोठा झाला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. तिने वर पाहिलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवलं.

आबा आले तेव्हा हातात कानबाईचा नारळ होता, नथ घातलेला. मागे भाऊबंद. वाजंत्रीवाले दारात खोळंबले होते, वेळ टळत होती.

"प्रमिला," ते म्हणाले. आवाजात जरब होती, आणि जरबेच्या खाली आणखी काहीतरी, थकल्यासारखं. "चल. चुडा आण. देवी थांबलीय."

प्रमिलाबाईने पदरातला चुडा दाखवला. भरलेला हात पहिल्यांदा वाजला. पण ती उठली नाही.

"थांबू द्या," ती म्हणाली. "ती बी बाईच शे. पान पुरं व्हऊ द्या."

मंदाबाई वाचत होती. मदिनाच्या बोटांत दिपमालाचा हात सैल, मऊ, आणि बांगडी कधी चढली ते दोघींनाही कळलं नाही. आबा नारळ घेऊन उभे राहिले. त्यांना बसायला कोणी सरकलं नाही, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही. ढगांतून ऊन फाकलं होतं, आणि बोर्डाची सावली त्यांच्या पायांवर पडली होती.

मंदाबाईने पान उलटलं.

"मंग?" प्रमिलाबाई म्हणाली. "मंग काय व्हयनं वं?"